बालवाडीचा खरा खर्च कोण भरतंय?

नमस्कार. उद्यमनगराला लागून असलेल्या एका वस्तीत आमची संस्था बरीच वर्षं बालवाडी आणि पाळणाघर चालवते. मी संस्थेची कार्यवाह, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पटावर ४६ मुलं आहेत. सगळी सकाळी दहा ते एक बालवाडीत असतात. त्यातली १८ पुढे संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात राहतात, कारण त्यांच्या आया फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये नाहीतर धुण्याभांड्याला जातात. बालवाडीची फी ४००, दिवसभराची ९००. सगळ्यांनी भरली तर २७,४०० जमतील, पण हातात १९,००० येतात. खर्च ४३,०००. मोठ्या ताईंना ८,०००, दोघी ताईंना प्रत्येकी ६,५००, मावशींना ४,५००. भाडं ६,०००, खाऊ-जेवण ७,५००, लाइट-पाणी-गॅस २,२००, साहित्य १,०००, ऑडिट आणि किरकोळ ८००. देणग्या महिन्याला सरासरी १५,००० पडतात. राहिलेले ९,००० मी माझ्या पेन्शनीतून घालते.

आता मोठ्या ताईंनी जूनपासून येणार नाही म्हणून सांगितलंय. एका इंग्लिश नर्सरीत त्यांना ११,००० देतायत. आमचे एक विश्वस्त, ज्यांची देणगी सगळ्यात मोठी असते, म्हणतात की मराठी बालवाडीचे दिवस गेले. बोर्ड बदला, नर्सरी-एलकेजी करा, फी सरसकट १,५०० ठेवा. पालकही ‘एबीसीडी लिहायला कधी घेणार’ म्हणून मागे लागलेत. अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या जागी अजून कुणाचं नाव लागलेलं नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो वर्षाला लाखभर रुपये पाठवतो म्हणतोय. फी वाढवू, इंग्लिश करू, की बंद करू?

— एक कार्यवाह, कोल्हापूर

ताई,

आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. संस्था चालवणाऱ्यांची पत्रं येतात त्यांत तळमळ तीन पानं आणि जमाखर्च दीड ओळ, असाच बहुधा मामला असतो. तुमच्या पत्रामुळे मला निदान वही-पेन घेऊन बसता आलं.

बसल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी. तुमच्या संस्थेला सगळ्यात जास्त देणगी ते विश्वस्त देत नाहीत आणि पेन्शन घालणाऱ्या तुम्हीही देत नाही. ती देतात तिघी ताई आणि मावशी. मोठ्या ताईंना बाहेर ११,००० मिळतायत आणि तुमच्याकडे त्या ८,००० वर राबतात, म्हणजे दरमहा ३,००० त्यांच्याकडून संस्थेला येतात. वर्षाचे ३६,०००. बाकीच्या तिघींचा फरक त्यात मिळवला तर चौघींचा आकडा वर्षाला दीड लाखाच्या पुढे जातो. विश्वस्तांच्या देणगीची पावती निघते, अहवालात फोटो येतो, कार्यक्रमात पहिल्या रांगेत खुर्ची असते. या चौघींच्या देणगीची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. मोठ्या ताईंनी आता एवढंच कळवलंय की ही देणगी त्या जूनपासून बंद करणार. त्यात रुसण्यासारखं काही नाही.

म्हणून फी, इंग्लिश आणि बंद, हे तिन्ही जरा थांबवा. आधी एका मुलामागे खरा खर्च किती येतो तो काढू. बहुतेक संस्थांत तो काढतच नाहीत. काढला तरी एकूण खर्चाला पटाने भागून मोकळे होतात. तसं केलंत तर ४३,००० भागिले ४६, म्हणजे ९३५ येतात, आणि वाटतं, दिवसभराची ९०० फी म्हणजे जवळजवळ निघालंच की! इथेच फसगत होते. तीन तास बसणारं मूल आणि आठ तास राहणारं, जेवणारं, झोपणारं मूल यांचा खर्च एक कसा असेल?

मी तासांवर मांडून बघितलं. सकाळी ४६ मुलं तीन तास, म्हणजे १३८. दुपारी १८ मुलं पाच तास, म्हणजे ९०. एकूण २२८. खाऊ-जेवणाचे ७,५०० वेगळे काढले तर उरतात ३५,५००. ते २२८ वर वाटले की एका मुलाच्या रोजच्या एका तासामागे महिन्याला साधारण १५६ रुपये पडतात. खाऊ सगळ्यांना ७५ रुपयांचा धरला आणि दुपारचं जेवण त्या अठराजणांवर टाकलं, तर ते २२५ पडतं. आता बघा: सकाळचं मूल ५४० ला पडतंय आणि फी ४००. दिवसभराचं मूल १,५४५ ला पडतंय आणि फी ९००. उद्या झाडून सगळ्यांनी फी भरली तरी १५,६०० ची तूट राहणारच, आणि त्यातली साडेअकरा हजारांहून जास्त एकट्या पाळणाघराची आहे.

हा कागद कार्यकारिणीत ठेवलात की कुणीतरी पटकन म्हणेल, मग पाळणाघरच बंद करू या. त्याचं उत्तर तयार ठेवून जा. पाळणाघर बंद केलं तर भाडं तेवढंच राहतं, सकाळच्या तिघी ताई तेवढ्याच लागतात, आणि आत्ता दुपारच्या तासांवर पडणारा तो सगळा भार सकाळच्या मुलांवर येऊन बसतो. शिवाय ज्या अठरा घरांसाठी संस्था काढली तीच घरं दाराबाहेर जातात. त्या आयांचं काम सुटेल किंवा नऊ वर्षांची थोरली शाळा बुडवून धाकट्याला सांभाळत बसेल. वस्तीत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण कार्यकारिणीत सगळ्यांनी वस्ती बघितलेली असतेच असं नाही.

जेवणाचं जरा बोलू. २२५ रुपये म्हणजे दिवसाला नऊ रुपये, त्यात दुपारचं ताट आणि चार वाजताचा खाऊ. मावशी कितीही हुशार असल्या तरी पातळ वरण आणि भात यापलीकडे त्यात काय बसणार? सरकारी अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत हे ठरलेलं आहे, आणि तुमची मुलं तर आठ तास तुमच्याकडे असतात. जेवण पंधरा रुपयांवर न्या. आठवड्यातून दोनदा मटकी किंवा चवळी, एकदा अंडं ज्यांच्या घरी चालतं त्यांना, आणि खाऊला शेंगदाण्याच्या कुटाचा गूळ घालून केलेला लाडू. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मात्र तीन वर्षांच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात. आणि एक करा, जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेला भेटून या. तुमच्या पटावरची बरीच नावं तिच्याही पटावर असतील. वजन-उंची, लसीकरण, जंताच्या गोळ्या हे सगळं तिच्यामार्फत होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली योजना आहे ती, तिच्याशी स्पर्धा कसली करायची?

आता पगार. मोठ्या ताई १२,०००, दोघी ताई १०,००० आणि मावशी ७,५०० धरा. हेही काही डोळे दिपवणारे आकडे नाहीत. मावशींचे ४,५०० तर मला वाचतानाच खटकले. त्या सगळ्यांच्या आधी येऊन झाडतात आणि सगळ्यांच्या नंतर कुलूप लावतात. किमान वेतनाच्या बाबतीत आपण कुठे बसतो ते कामगार कायद्यातल्या माहीतगाराला एकदा विचारून घ्या. या पगारांनी महिन्याचा खर्च १४,००० ने वाढतो, जेवणाने २,७०० ने. एकूण ५९,७००. पुन्हा तासांवर वाटा: सकाळचं मूल ७२५, दिवसभराचं २,१८५.

हे दोन आकडे तुमचे खरे भाव. ते मोठ्या अक्षरात लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावा. पालकांना, विश्वस्तांना, देणगीदारांना सगळ्यांना दिसू देत. एवढी फी घ्या असं मी म्हणत नाही. पण ९०० भरणाऱ्या बापाला आपलं मूल २,१८५ ला पडतंय आणि वरचे १,२८५ दुसरं कुणीतरी भरतंय हे माहीत असावं. ते माहीत नसतं म्हणून तर ‘संस्थेला सरकारकडून भरपूर येतं’ अशी कुजबुज वस्तीत चालते.

फी मी ५०० आणि १,२०० करीन. सूट मागणाऱ्याला सूट द्यायची, पण ती तुम्ही आणि आणखी एक सदस्य मिळून द्यायची आणि लिहून ठेवायची. आज सूट नाही, नुसती थकबाकी आहे. थकबाकीत खरा अडलेला कोण आणि चालढकल करणारा कोण हे कळायला मार्ग नसतो. दुसरं, वसुलीची तारीख. महिन्याच्या पाच तारखेला १,२०० एकदम मागितले तर ज्या घरात आठवड्याला पगार होतो तिथे ते जड जातात. पगाराच्या संध्याकाळी मूल न्यायला येतील तेव्हा ३०० घ्या. महिन्यात पाचवा आठवडा आला तर सोडून द्या. आणि फीचा विषय दारात, मुलाच्या देखत काढायचा नाही, ताईंनी तर मुळीच नाही. चार वर्षांच्या पोराला ‘माझ्या पप्पानं पैसे भरले नाहीत’ हे चांगलं कळतं, ते दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून रडत बसतं, आणि ताईंना वाटतं आजारी आहे.

असं केलंत तर ३५,६०० पैकी ३०,००० तरी गोळा व्हायला हरकत नाही. देणग्या १५,००० आहेतच. राहिले १४,७००. यातला मोठा भाग तुमच्या रस्त्यापलीकडेच पडलाय, आणि तो कुणी मागितलेला नाही याचंच मला नवल वाटतं.

त्या अठरा आयांपैकी किती जणी कारखान्यात जातात याची यादी करा, कारखान्याच्या नावासकट. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये ही तरतूद आली. स्वतःच्या आवारात खोली काढायलाच पाहिजे असंही नाही. संस्थेच्या पाळणाघराशी जोडून घेता येतं, चार कारखान्यांनी मिळून चालवता येतं. उद्यमनगरातली बरीच युनिटं पन्नासच्या आतली आहेत, त्यांना कायदा दाखवून उपयोग नाही. पण त्यांना दुसरं गणित कळतं. ओतकामाच्या साच्यासाठी कोअर बनवणारी, फिनिशिंगवर बसणारी तयार हाताची बाई पोर आजारी म्हणून महिन्यात चार दिवस दांडी मारते तेव्हा मालकाचं काय होतं ते मालकाला विचारा. एका मुलामागे महिन्याला १,००० एवढंच मागा, तीन महिन्यांसाठी, आणि त्या बायकांची हजेरी मालकालाच बघू दे. दहा मुलांचे मिळाले तरी १०,००० झाले. जाताना देणगी मागायला आल्यासारखं जाऊ नका, दरपत्रक घेऊन जा.

उरलेल्या साडेचार-पाच हजारांसाठी गल्लीत या. आपल्या गावात गणपतीला, तालमीला, शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या पेठेच्या फुटबॉल संघाला वर्गणी कमी पडल्याचं ऐकलंय कधी? बालवाडीला कुणी देत नाही कारण बालवाडी मागते तेव्हा ‘यथाशक्ती’ मागते. आकडा सांगा. एका मुलाचं पाळणाघराचं वर्ष, फी वजा जाता, १२,००० ला पडतं. पाच माणसं शोधायची आहेत, पन्नास नाहीत. आणि २६ जूनला, शाहू जयंतीला, दसरा चौकात हार घालून येणाऱ्या पुढाऱ्यांना जरूर गाठा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा त्याचे पैसे दरबाराने मोजले होते, मास्तरांच्या पगारातून कापले नव्हते, हे त्यांच्या कानावर घाला.

कागदावर जुळलं म्हणजे प्रत्यक्षात जुळेलच असं नाही. पहिल्या वर्षी एक-दोन महिने ओढाताण होईल. म्हणून पगारवाढ दोन टप्प्यांत करा, निम्मी जूनला, निम्मी दिवाळीनंतर, आणि तसं लेखी द्या. एक विचारायचं राहिलं: मे महिन्याचा पगार देता ना? बालवाड्यांत दहा-अकरा महिन्यांचाच पगार देण्याची वाईट चाल आहे. तुमचं पाळणाघर तर मे मध्येही चालत असणार, कारखाने काही उन्हाळ्याच्या सुटीवर जात नाहीत.

मोठ्या ताईंशी बोलायला वेळ काढा, पण हा सगळा कागद हातात घेऊन. ‘संस्था तुमचीच आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका, ते त्यांनी पुष्कळदा ऐकलं असेल. नेमणूकपत्र, बारा महिने पगार, ठरलेली रजा, दिवाळीनंतरचा आकडा, एवढं समोर ठेवा. ११,००० आणि तिथल्या तीस मुलांच्या वह्या तपासणं, की जूनला १०,००० आणि दिवाळीनंतर १२,००० आणि स्वतःच्या पद्धतीने वर्ग घेणं, हे त्यांचं त्या ठरवतील. गेल्याच तर निरोपाचा नारळ-साडी नीट करा आणि धाकट्या दोघींपैकी एकीला पुढे आणा. बाहेरून महागडी शिक्षिका आणून या दोघींच्या डोक्यावर बसवू नका.

आता इंग्लिशचं. विश्वस्तांचा राग करू नका. तुमच्या कार्यकारिणीत ‘हे चालणार कसं’ असा प्रश्न विचारणारा तो एकच माणूस दिसतो. त्याचा उपाय चुकीचा आहे, प्रश्न बरोबर आहे. १,५०० सरसकट केलीत तर सकाळच्या २८ पैकी ज्यांना ती परवडते ते आधीच स्कूलबसवाल्या नर्सरीत जातील, कारण तिथे झोपाळा मोठा आहे आणि गणवेशाला टाय आहे. ज्यांना परवडत नाही ते घरी बसतील. आणि हातात इंग्लिश न बोलणाऱ्या तिघी ताई आणि ‘इंग्लिश मीडियम’ असा बोर्ड राहील. मुलांची ‘ए फॉर ॲपल’ची घोकंपट्टी चालेल आणि तेवढ्यालाच इंग्लिश म्हणायचं.

‘मराठीचे दिवस गेले’ असं ते म्हणतात तर त्यांना गुढीपाडव्याला जरगनगरला घेऊन जा. महापालिकेची शाळा आहे, आणि प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. लोक माध्यमाचा बोर्ड बघतात हे खरं, पण मूल तिथे शिकतंय याचा भरवसा वाटला तर महापालिकेच्या दारातही उभे राहतात. याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मराठीतूनच.

पालकांची मागणी मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांना भीती पहिलीची आहे. आपलं पोर पहिलीत मागे पडेल, ही ती भीती, एबीसीडी हे तिचं नाव. त्यांना २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यात खेळातून आणि घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलंय, हे भाषणात सांगून काही होणार नाही. दाखवावं लागेल.

तुमच्या शेजारी पॅटर्नची दुकानं आहेत. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी तिथे लाकडाचा साचा बनतो आणि त्याचे तुकडे रोज पोत्याने पडतात: अर्धगोल, पाचर, चौकोनी, भोक पाडलेले. एक पोतं मागून आणा. खिळा, कपची बघून घ्या, पॉलिश पेपरने घासा, रंग देऊ नका, धुऊन उन्हात वाळवा. तोंडात मावेल असा एकही तुकडा ठेवू नका. झाले तुमचे ठोकळे, आणि दुकानातल्या हजाराच्या पेटीपेक्षा आकार जास्त. मग एका शनिवारी पालकांना मुलांसोबत जमिनीवर बसवा. मुलाला दोन चौकोनी ठोकळ्यांवर पाचर ठेवू दे. ती घसरते, ते पुन्हा ठेवतं, मग ती उलटी करून बघतं, जीभ बाहेर काढून. ज्याच्या बापाचा दिवस लेथवर जातो त्याला तिथे काय चाललंय हे समजावायला लागत नाही. त्याच वेळी ताईंनी सांगायचं की पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद आणि डोळ्यांत जो अंदाज लागतो तो इथे तयार होतोय. चपला शिवणाऱ्यांकडून कातड्याची कतरण मिळाली तर ओवण्यासाठी भोकं पाडून घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आजूबाजूला मिळेल त्यातूनच साहित्य उभं केलं होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आपण कॅटलॉग बघून प्लॅस्टिक मागवतो.

आणि ज्या शाळेत तुमची मुलं पुढे जातात तिथल्या पहिलीच्या बाईंना त्या शनिवारी बोलवा. येणारं मूल कसं असावं असं त्यांना वाटतं, ते त्यांच्याच तोंडून पालकांना ऐकू दे. बहुधा त्या म्हणतील: गोष्ट ऐकून बसता यावं, आपलं म्हणणं सांगता यावं, दप्तर-डबा स्वतः सांभाळता यावा. इंग्लिशचं म्हणाल तर रोज पंधरा-वीस मिनिटं गाणी, रंग, शरीराचे अवयव, तोंडी घ्या. वही नको. तेवढं पालकांना पुरतं, आणि मुलांनाही मजा येते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण हे बाकी सगळ्याच्या आधी करायचं आहे. अध्यक्ष वारल्यावर बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांत जायला हवा होता. आता उशीर माफ करण्याच्या विनंतीसह द्या. सभेचं इतिवृत्त, मृत्यूचा दाखला, नव्या अध्यक्षांची संमती जोडा. ते झाल्याशिवाय बँकेत सहीचा घोळ मिटणार नाही आणि कुठलीही कंपनी सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचं, बोलणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या कंपन्यांकडे जायचं मनात असेल तर संस्थेला आयकरात सूट देणारी १२ए नोंदणी, देणगीदाराला सवलत देणारी ८०जी नोंदणी, सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा, हे चारही लागतात. ८०जी असलं तरी २,००० वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, ती चेकने किंवा यूपीआयने घ्या. खाजगी पूर्वप्राथमिक वर्गांची माहिती शासनाच्या पोर्टलवर भरायला २०२५ मध्ये सांगितलं गेलं, ती भरली नसेल तर भरा. चौघींची पोलीस पडताळणी करून फाइलला लावा. मुलाला शौचाला नेणं, कपडे बदलणं हे बंद दारामागे एकटीने करायचं नाही, हा नियम दुपारी पाळणाघर बघणाऱ्यांना आजच सांगा. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात संशय आला तरी कळवण्याची जबाबदारी आपल्यावर असते, ते प्रकरण ‘वस्तीतल्या वस्तीत मिटवून’ चालत नाही, हे कार्यकारिणीला माहीत हवं.

तुमच्या पेन्शनीचे ९,००० हिशेबात कसे दाखवता ते लिहिलं नाहीत. देणगी असेल तर दरमहा पावती फाडा. ‘नंतर परत घेऊ’ असं मनात असेल तर ते कर्ज झालं, आणि विश्वस्त संस्थेसाठी कर्ज काढतात तेव्हा धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मला विचाराल तर या जूनपासून तुमचा आकडा २,००० वर आणा आणि तिथेच थांबा. तुम्ही ९,००० घालता तोवर कार्यकारिणीतल्या कुणालाच तूट दिसत नाही, म्हणून कुणी हलत नाही.

भाच्याचे पैसे मी वरच्या हिशेबात मुद्दामच धरलेले नाहीत. तो अमेरिकेत राहतो याला महत्त्व नाही, नागरिकत्व कुठलं याला आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि विदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय संस्थेला एक रुपयाही घेता येत नाही. तुमच्या खात्यावर मागवून तिथून संस्थेला द्या, अशी युक्ती कुणी सुचवेल. ऐकू नका. भाच्याला आज फोन करून पासपोर्ट कुठला एवढंच विचारा. भारतीय असेल तर पहिला हप्ता जूनच्या पगाराआधी मागवा.